हलका शब्द

आठवी 'ब'च्या वर्गात सबीहा मॅडमनं एकदा हौसेनं एक खेळ काढला होता. चांगल्या माणसाला आपण काय काय म्हणतो ते पोरांनी सांगायचं, तिनं ते फळ्यावर लिहायचं आणि समोर इंग्रजी शब्द द्यायचा. पोरांना चार शब्द सुचले आणि पाचव्याला गाडी अडली. मग वाईट माणसाची पाळी आली, तर फळा पुरेना. लबाड, हलकट, नालायक, बदमाश, मुडदा, हरामखोर, आणि मागच्या बाकावरून असे दोन की ते ऐकून तिनं खडूच खाली ठेवला. वऱ्हाडात पावसाचा तुटवडा पडतो, शिव्यांचा पडत नाही.

इंग्रजीत मात्र वाईटपणाची रीतसर वाटणी झालेली. लेकरू 'नॉटी', कोल्हा 'कनिंग', गोष्टीतली सावत्र आई 'विकेड' आणि सैतान 'ईव्हिल'. ज्याचं त्याला नेमून दिलेलं. पहिल्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, मंग खऱ्याखुऱ्या वाईट मानसाले काय म्हनतात?" सबीहानं फळा पुसायला घेतला. "बॅड म्हणतात," ती म्हणाली, "पुस्तकं काढा." पोरगी बसली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं हे मॅडमला दिसलं.

हे सप्टेंबरातलं. जानेवारीत हेडमास्तरांनी तिला बोलावून एक पत्र हातात दिलं. बीटी कपाशीच्या बियाण्याच्या तक्रारी ऐकायला वरून समिती येत होती. समितीचे साहेब तामिळनाडूकडचे, त्यांना मराठी येत नव्हती आणि हिंदीही येत नव्हती. गुरुवारी तालुक्याला, मोताळ्याला, शेतकऱ्यांचं म्हणणं इंग्रजीत सांगायला माणूस हवा होता, आणि इंग्रजीही येतं नि वऱ्हाडीही येते असं माणूस पंचक्रोशीत एकच निघालं. हेडमास्तरांनी अभिनंदन केलं. सबीहाची मान जरा ताठ झाली, झाली नाही असं म्हणायला ती काही संत नव्हती. मग तिनं पत्राला जोडलेली यादी वाचली.

तिसरं नाव विमलबाईचं होतं, राहणार रोहिणखेड. तक्रार गजेंद्रशेठच्या कृषी केंद्राविरुद्ध. त्या दुकानाच्या काउंटरवर अकरा वर्षांपासून सबीहाचा नवरा शाकिर उभा राहत होता.

रोहिणखेड सबीहाचं माहेर. तिचे अब्बा गफ्फार पिंजारी. गावातल्या निम्म्या घरांच्या गाद्या-रजया त्यांच्या हाताखालून गेलेल्या. विमलबाई तर त्यांना घरात बोलावून, समोर बसवून कापूस पिंजून घ्यायची आणि सबीहाला मांडीवर घेऊन भाकरीचा काला भरवायची. या बाईचं तोंड म्हणजे गावाला रोजची करमणूक. बकरी हलकट, सून नालायक, जावई मुडदा, आणि पहाटे वेळेवर न आरवलेला कोंबडा हरामखोर. कुणी मनावर घेत नसे. एवढंच की ज्या दिवशी विमलबाई शिवी न देता बोले, त्या दिवशी माणसं घरातलं काम टाकून ऐकायला येत.

आणि विमलबाईची तक्रार खरी होती हे सबीहाला माहीत होतं. 

बीटीचं, म्हणजे अळीला दाद न देणारं, बियाणं मोठ्या पाकिटात येतं आणि त्याच्यासोबत एक लहान पाकीट साध्या कपाशीचं. ते कडेला लावायचं. अळीनं पोट भरायचं तर तिथं भरावं, मधल्या पिकात तिची खोड वाढू नये, अशी त्यामागची कल्पना. आता आपल्या खर्चानं अळीला जेवण घालायचं हे कुठल्या शेतकऱ्याला पटेल? लोक मोठं पाकीट पिशवीत टाकत आणि लहान तिथंच काउंटरवर सोडून जात. असली लहान पाकिटं गोण्यांनी जमली. मे महिन्यात त्यातल्या तीन गोण्या शाकिरनं घरी आणून मागच्या खोलीत ठेवल्या. त्यांच्या छोट्या मुलीनं, अलफियानं, त्या पाकिटांची घरं बांधली, भिंती पाडल्या, पुन्हा बांधल्या.

"ये काहे का है?" सबीहानं विचारलं होतं.

"कडेचं बी. कोनी नेत नाही. शेठ कंपनीले वापस पाठवनार हाये," शाकिर म्हणाला. घरात हिंदी-मराठी दोन्ही चालत, पण दिवसभर शेतकऱ्यांशी वऱ्हाडी बोलून शाकिरच्या जिभेवर तीच बसली होती.

जूनमध्ये गोण्या दुकानात गेल्या. कंपनीला वापस जायच्या गोण्या पेरणीच्या तोंडावर दुकानात कशाला जातात, हे सबीहानं तेव्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर ते ऐकावं लागलं असतं. नोव्हेंबरात काही गावांतून बोंब उठली की नवीन पाकिटातल्या बीटीला अळीनं बोंडासकट फस्त केलं. तेव्हाही घरात त्यावर कुणी बोललं नाही. दोघंही एकमेकांना चहात साखर पुरेशी आहे का, ते मात्र फार विचारू लागले.

पत्र आलं त्या संध्याकाळी शाकिरनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "तूच हायेस तिथं? मंग तं बरं झालं."

"काय बरं झालं?"

"काही खोटं सांगू नको. खोटं काऊन सांगाव? फक्त हलका शब्द टाक. त्या साहेबाले काय समजते. चूक झाली म्हन. पाकिटं मिसळली म्हन." तो तिच्याकडे न बघता अलफियाच्या दप्तराची चेन लावत होता. ती आधीच लागलेली होती. "शेठनं सांगतलं, मी भरलं. नाही म्हनलो असतो तं दुसऱ्या दिवशी काउंटरवर दुसरा उभा असता. शेठ सुटून जाईन, सबीहा. त्याचे वकील हायेत. भरनारा कोन, देनारा कोन, असं इचारलं तं माह्याकडंच बोट येते."

त्यानं पहिल्यांदाच तोंडानं कबूल केलं होतं. सबीहाला राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण त्याच्याआधी भीती आली आणि तिनं सगळी जागा अडवली. पोलीस दारात, गल्लीतले लोक गच्चीवर, अलफिया शाळेत. 'त्यांचेच लोक' म्हणून बोलायला टपलेली चार तोंडं तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, नावानिशी. गुरुवारपर्यंतच्या दोन दिवसांत तिचं जेवण गेलं, वर्गात हजेरी घेताना ती एकाच पोराचं नाव दोनदा पुकारू लागली.

गुरुवारी शाकिरनंच तिला मोटारसायकलवर मोताळ्याला आणलं. तो आत आला नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर बसला, सभागृहाच्या दाराकडे तोंड करून.

साहेब वयस्क होते, किडकिडीत, कपाळावर भस्माची फिकट रेघ. बोलणं शांत. शेतकरी आत यायच्या आधी त्यांनी सबीहाला छापील फॉर्म दाखवला. त्यात रकाने होते. एक 'नेग्लिजन्स', म्हणजे हयगय. एक 'फ्रॉड'. हयगय असली तर दुकानाला नोटीस जाईल, समज दिली जाईल, प्रकरण संपेल. फ्रॉड असला तर भरपाईही मिळेल आणि गुन्हाही दाखल होईल, ज्याचा ज्याचा हात लागला त्या सगळ्यांवर. "लोक फार रागावून बोलतात," साहेब इंग्रजीत म्हणाले, "ते मला ईव्हिल, विकेड असलं काही सांगू नका. ते शब्द आम्ही प्रार्थनेत वापरतो नाहीतर नातवंडांना गोष्ट सांगताना. रिपोर्टमध्ये दुष्ट माणूस नसतो, मॅडम. तिथं एवढंच असतं की त्यानं जाणूनबुजून केलं की नाही."

सबीहानं मान हलवली. इतकी वर्षं ती इंग्रजी शिकवत होती आणि या भाषेनं वाईट माणसाला कुठं बसवलंय ते तिला आज कळत होतं. त्याला शिव्या नव्हत्या, त्याला रकाना होता. शिवी हवेत जाते. रकान्यात गेलेला माणूस तिथंच राहतो.

पहिल्या दोन तक्रारी सरळ गेल्या. एकाचं बी उगवलंच नव्हतं, दुसऱ्याच्या पाकिटावरची तारीख उलटून गेली होती. शेजारी कृषी खात्याचे रामराव शाईचा पॅड घेऊन बसले होते. त्यांचं इंग्रजी 'सर, साइन प्लीज'च्या पुढं कधी गेलं नव्हतं. म्हणजे या खोलीत दोन्ही बाजूचं समजणारं माणूस एकटी सबीहा होती. तिनं काय टाकलं आणि काय गाळलं, हे फक्त तिला आणि वर अल्लाला कळणार होतं. 

मग विमलबाई आली. वाळून गेली होती. सबीहाला बघून तिचा चेहरा उजळला.

"अवं, तू होय? मले वाटलं कोनी मोठी मॅडम असन. मंग तं माही चिंताच मिटली."

सबीहाला खुर्चीतून उठून जावंसं वाटलं. ती उठली नाही.

विमलबाईनं सांगायला सुरुवात केली आणि गजेंद्रशेठचं खानदान सुरुवातीच्या पाच मिनिटांत निकालात काढलं. हलकट झाला, मुडदा झाला, त्याच्या दुकानाला कुलूप लागो इथपर्यंत झालं. रामराव खाली बघून हसत होते. साहेब सबीहाकडे बघत होते. "ती नाराज आहे," सबीहानं इंग्रजीत सांगितलं, आणि तेवढंच पुरेसं होतं.

मग विमलबाई थांबली. पदरानं तोंड पुसलं. आणि आवाज खाली आणून, एकही शिवी न देता बोलली.

"बांधापलीकडं शेजारच्या कारभारीची कपाशी हाये. त्याची उभी राह्यली, माही अळीनं खाल्ली. तेच पानी, तेच खत, तोच फवारा. मी पाकीट घेऊन आली तवा लहान पाकिटाच्या गोन्या त्या दुकानात मह्या डोयानं पाह्यल्या. कडेचं बी मोठ्या पाकिटात भरून इकलं त्यायनं. चुकून नाही झालं, माय. समजून केलं. शेतकऱ्याची बाई हाये, तिले काय कळते, म्हनून केलं. हे पाप होय."

 लहानपणापासून ऐकलेल्या या बाईच्या तोंडून 'पाप' हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. बकरीला नाही, जावयाला नाही, कुणाला नाही.

"काय म्हणते ती?" साहेबांनी विचारलं.

 दारातून टपरी दिसत होती. टपरीवर शाकिर हातातला कप फिरवत बसला होता.

"ती म्हणते," सबीहा इंग्रजीत म्हणाली, "दुकानात पाकिटांची मिसळ झाली. दुकानदार केअरलेस होता."

साहेबांनी 'नेग्लिजन्स'च्या रकान्यात खूण केली. इतकं सोपं होतं ते. कुणी ओरडलं नाही, पंखा फिरत राहिला, आणि जानेवारीत पंखा कशाला लावलाय असा एक मूर्ख विचार सबीहाच्या मनात येऊन गेला.

"पाकीट तिला हातात कुणी दिलं? काउंटरवर कोण होतं?" साहेबांनी फॉर्मची पुढची ओळ वाचली.

सबीहानं ते मराठीत विचारलं. विचारताना तिचा आवाज तिलाच परका वाटला. विमलबाईनं तिच्याकडे बघितलं. शाकिरला ती ओळखत होती. सबीहाच्या लग्नात तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता, बीटीचं पाकीट देताना त्यानं तिला 'मावशी' म्हटलं होतं.  मग तिनं नजर साहेबांकडे वळवली.

"मले नाव नाही मालूम," ती म्हणाली. "असन कोनी नौकर मानूस. त्याचं काय एवढं. शेठचं लिवा."

आणि मग खाली मान घालून, फक्त सबीहाला ऐकू जाईल असं, "तुह्या पोरीचं नाव अलफिया ठेवलं ना व? बरी हाये ना?"

सबीहाला तिथंच रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं. फुटलं नाही. आतून नुसतं जळत गेलं. ही म्हातारी वर्षाचं पीक गमावून बसली होती आणि समोर बसलेल्या पोरीचा संसार वाचवायला खोटं बोलत होती, उघड, साहेबासमोर, बिनशिवीचं. आणि ती पोरगी तिचं खरं गिळून बसली होती. शाकिरनं काय केलं होतं? तिला पाकिटात काय आहे ते कळत नाही म्हणून दुसरंच बी दिलं होतं. सबीहानं काय केलं? तिला इंग्रजी येत नाही म्हणून दुसराच शब्द दिला. दोन्हीला एकच नाव होतं आणि ते विमलबाईनं आत्ता घेतलं होतं.

"तिचं म्हणणं तिला वाचून दाखवा आणि अंगठा घ्या," साहेब म्हणाले.

सबीहानं कागद हातात घेतला. इंग्रजी ओळी साहेबांच्या बारीक अक्षरात होत्या. विमलबाई अंगठा पुढं करून बसली होती, तिनं काही ऐकायची वाटही बघितली नव्हती. रामरावांनी पॅड सरकवला.

"सर," सबीहा इंग्रजीत म्हणाली, "मी चुकीचं सांगितलं."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"ती केअरलेस म्हणाली नाही. ती म्हणाली, कडेचं बी मोठ्या पाकिटात भरलं आणि जाणूनबुजून विकलं. ती म्हणाली, चूक नव्हे." सबीहानं कागद टेबलावर ठेवला. "आणि पाकीट देणाऱ्याचं नाव तिला माहीत आहे. माझ्यामुळं ती सांगत नाही. शाकिर. माझे पती आहेत. गोण्या माझ्या घरी होत्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही हे बोललंच पाहिजे असं नाही, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "दुभाष्यानं साक्ष द्यायची नसते."

"मग पहिलं तरी दुरुस्त करा, सर. ते तिचं आहे. दुसरं मी वेगळ्या कागदावर लिहून देते."

साहेबांनी खूण खोडली, बाजूला सही केली आणि दुसऱ्या रकान्यात खूण केली. विमलबाईला इंग्रजी कळत नव्हतं, पण त्या सगळ्यात एक शब्द तिला कळला होता. नावं सगळ्या भाषांत सारखीच ऐकू येतात.

"तू शाकिरचं नाव घेतलं," ती म्हणाली.

"हो, मावशी."

"काऊन? मी सांगतलं होतं का तुले?" तिनं पुढं केलेला अंगठा मुठीत घेतला. "मले नाही द्यायचा मंग अंगठा. जाऊ दे कपाशी. गेली ते गेली. गफ्फारभाऊची पोरगी रस्त्यावर आनून मले भरपाई नाही पाह्यजे. फाडा तो कागद."

रामराव गोंधळून साहेबांकडे आणि साहेब सबीहाकडे बघू लागले. ती काय म्हणते, हे पुन्हा सबीहालाच सांगायचं होतं. ती यावेळी अडखळली नाही. "ती तक्रार मागं घेते आहे, सर, माझ्यासाठी," तिनं सांगितलं, "आणि मी तिला घेऊ देणार नाही."

ती उठून विमलबाईच्या बाजूला जमिनीवर बसली. त्या म्हातारीची मूठ तिनं दोन्ही हातांत घेतली. बोंडं वेचून वेचून बोटांच्या कडा चिरल्या होत्या, चिरांमध्ये माती बसलेली.

"मावशी, ज्यायनं ज्यायनं पाकिटं घेतली, त्या सगळ्यायचं तुमच्या कागदावर हाये," सबीहा म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून रोहिणखेडची बोली निघाली. "तुमी मागं घेतली तं कोनीच पुढं येनार नाही. आनि मले घरी जाऊन त्या मानसाले रोज भाकर वाढा लागते. हे असं पोटात ठेवून नाही वाढता येत मले. द्या अंगठा. मह्यासाठी द्या."

विमलबाई रडत होती आणि रडता रडता तिनं सबीहाला एकामागून एक शिव्या दिल्या, हलकट, नालायक, मुडदी. सबीहानं एक एक करून तिची बोटं सोडवली, अंगठा पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला. मग त्याच्याखाली दुभाषी म्हणून स्वतःची सही केली आणि एक कोरा कागद मागून घेतला. तो लिहायला तिला अर्धा तास लागला.

बाहेर आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शाकिर टपरीवरून उठला, मोटारसायकलला किक मारायला गेला आणि तिचा चेहरा बघून थांबला.

"हलकं टाकलं ना?" त्यानं विचारलं.

सबीहा त्याच्यासमोर उभी राहिली.  इतकी वर्षं ज्या माणसाबरोबर तिनं संसार केला, त्याच्यावर तिचा जीव होता. तो जीव अजून तसाच होता, त्यानं केलं होतं ते कळूनसुद्धा.

"विमलमावशीनं तुझं नाव सांगितलं नाही," ती म्हणाली. "खूप विचारलं, तरी नाही सांगितलं."

शाकिरनं डोळे मिटले आणि सुटकेचा श्वास सोडला. "देवमानूस हाये ती," तो म्हणाला.

"मी सांगितलं," सबीहा म्हणाली.